चौकशीच्या खोलीत कबुलीला किंमत नसते: पोलीस चौकशीवरची एकांकिका लिहायची कशी

पुरुषोत्तम असो, सवाई असो नाहीतर गावातली एखादी करंडक स्पर्धा, एक टेबल, वर लोंबणारा बल्ब, एक साहेब आणि एक आरोपी अशी एकांकिका कुठे ना कुठे भेटतेच, आणि त्यात गैर काही नाही कारण सेटचा खर्च कमी, दोन तगडे नट मिळाले की काम होतं, आणि प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून कळतं की इथे काहीतरी पणाला लागलंय. पण यातल्या बऱ्याच संहिता एकाच रस्त्याने जातात. साहेब ओरडतो, टेबलावर हात आपटतो, सिगारेट पेटवतो, आरोपी आधी हसतो मग घामाघूम होतो, आणि शेवटी "हो, मीच मारलं तिला!" म्हणून कोसळतो. ब्लॅकआउट. टाळ्या.

गंमत अशी की आपल्या देशात त्या वाक्याला कोर्टात काडीची किंमत नाही, आणि हे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याला पक्कं माहीत असतं. मग तो रात्रभर कशासाठी जागतो? या प्रश्नाचं खरं उत्तर शोधलंत की नाटक आपोआप वेगळं व्हायला लागतं. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे. साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची, महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यात घडणारी संहिता डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, वेब सिरीजचा एपिसोड लिहिणाऱ्यांनाही चालेल.

आधी कायदा, मग संवाद

पहिलं काम, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मधलं कलम २३ वाचा. एका पानाचंसुद्धा नाहीये. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, आणि कोठडीत असताना दुसऱ्या कुणासमोर दिली तरी मॅजिस्ट्रेट प्रत्यक्ष हजर नसेल तर तीही नाही. जुन्या १८७२ च्या एव्हिडन्स ॲक्टमध्ये हेच कलम २५, २६ आणि २७ मध्ये होतं, म्हणून जुने हवालदार अजून "सत्तावीसचं मेमोरंडम" म्हणतात (आरोपीने दिलेल्या माहितीची पंचांसमोर केलेली नोंद), तुमची गोष्ट १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर तेच आकडे वापरा.

आता यातली फट. आरोपीने कोठडीत काही सांगितलं आणि त्यामुळे एखादी गोष्ट सापडली, तर त्या सापडण्याशी थेट जोडलेला तेवढाच तुकडा पुराव्यात येतो. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, पुलुकुरी कोट्टाया खटल्यात हे जे समजावून सांगितलंय ते मला विचाराल तर संवादलेखनाचा उत्तम धडा आहे. समजा आरोपी म्हणाला की घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो, ज्याने मी अमक्याला भोसकलं. सुरा सापडला. मग "छपरात लपवलेला सुरा काढून देतो" हे आत येतं आणि "ज्याने मी भोसकलं" हे बाहेर राहतं. म्हणजे गुन्ह्याची कबुली बाद, पण जागेची माहिती ग्राह्य.

म्हणून तुमच्या अधिकाऱ्याचा प्रश्न "तूच केलंस ना?" हा नसणार आहे, "कुठे आहे?" हा असणार आहे. "केलंस का"चं उत्तर हो किंवा नाही एवढंच, तिथे नाटक दोन वाक्यात संपतं. "कुठे"चं उत्तर लांबवता येतं, अर्धं देता येतं, चुकीचं देता येतं, त्यावर सौदा करता येतो.

अपवाद एक, तोही माहीत असू द्या. मोक्का म्हणजे १९९९ चा संघटित गुन्हेगारी कायदा लागला असेल तर कलम १८ खाली एसपी किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. गँगची गोष्ट लिहिणार असाल तर गणित बदलतं. आणि आरोपीला खरंच मॅजिस्ट्रेटसमोर कबुली द्यायची असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं, कलम १८३ आहे, त्यात मॅजिस्ट्रेट आधी सांगतो की बाबा तुझ्यावर बंधन नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. एखादा आरोपी पोलिसांना रात्री "उद्या साहेबांपुढं सगळं सांगतो" म्हणून झुलवतो आणि सकाळी तिथे जाऊन तोंड मिटून उभा राहतो, हा अख्खा वेगळा शेवट होऊ शकतो, कुणी लिहिला तर बघायला आवडेल.

गोष्ट बेताची ठेवा, हे उदाहरण घेऊ

नुसत्या थिअरीने काही होत नाही म्हणून पुढे एकच उदाहरण वापरतो. पश्चिम महाराष्ट्रातला साखर कारखाना, गळीत हंगाम ऐन भरात. कारखान्याच्या वजनकाट्यावरचा क्लार्क तीन दिवसांपासून गायब, त्याची मोटरसायकलही गायब. चौकशीला आणलाय त्याच्या बायकोचा भाऊ, स्वतःचा ट्रॅक्टर, ऊसवाहतूक करतो. गायब माणूस त्याचा दाजी. समोर एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, मॅडम, सोबत एक जुना हवालदार. बस, तीन मुख्य पात्रं.

आता पेन उचलायच्या आधी एक कागद घ्या आणि तीन रकाने करा, मॅडमला काय माहितीये, ट्रॅक्टरवाल्याला काय माहितीये, प्रेक्षकाला काय माहितीये. प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी तिन्ही रकाने पुन्हा भरा. एखाद्या प्रवेशात कुठल्याच रकान्यात काही बदललं नाही तर तो प्रवेश कितीही भारी संवादांचा असला तरी काढून टाका. ताण हा आवाजाच्या पट्टीत नसतो, या तीन रकान्यांच्या फरकात असतो. प्रेक्षकाला माहितीये की मॅडमच्या ड्रॉवरमध्ये वजनपावती आहे, ट्रॅक्टरवाल्याला माहीत नाही, मग तो साधं "थंडी होती" म्हणाला तरी लोक खुर्चीत पुढे सरकतात.

आणि लपवायला दोघांकडेही काहीतरी हवं. ट्रॅक्टरवाला खुनी असो नसो, त्याच्याकडे गुन्ह्याशी संबंध नसलेलं एक गुपित द्या, उदा. काट्यावर वजनात फेरफार करून दाजी आणि तो मिळून पैसे खात होते. तो घाबरलाय ते त्याच्यासाठी, आणि मॅडमला वाटतंय खुनासाठी. मॅडमकडे काय लपवायचंय ते पुढे येतं.

घड्याळ लावा

अटकेपासून चोवीस तासात मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. हे घटनेच्या कलम २२ मध्येही आहे आणि बीएनएसएसच्या ५८ मध्येही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, पण संहितेत ती वापरली जात नाही. घड्याळ भिंतीवर टांगलं म्हणजे वापरलं असं नाही. ते असं वापरा: सकाळी आठला माणसाला "जरा चौकशीला चला" म्हणून आणलंय, नोटीस हातात दिलेली नाही, आणि स्टेशन डायरीत अटक रात्री नऊला दाखवायचं ठरतंय. मधले तेरा तास तो कोण होता? साक्षीदार? पाहुणा? त्याला घरी जाता येत होतं का? कायद्याने बघितलं तर माणसाला अडकवलं तेव्हापासून घड्याळ सुरू, कागदावर मात्र अटकेची वेळ वेगळी. हे मॅडमचं पहिलं गुपित, आणि ठाणे अंमलदार दारातून डोकावून "मॅडम, डायरीत काय टाइम टाकू?" विचारतो त्या एका वाक्यात प्रेक्षकाला सगळं कळतं.

रिमांड मिळाला की घड्याळ सैल होतं. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपर्यंतची, आणि बीएनएसएसच्या कलम १८७ मध्ये (पुढे नुसतं कलम म्हटलं की याच कायद्याचं) ती गुन्ह्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसात तुकड्यातुकड्यानेही घेता येते. म्हणून एकांकिका पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडीचा रिमांड, मिळायच्या आधीच्या रात्री ठेवा. नंतर ठेवलीत तर अधिकाऱ्याला घाई कसली?

डी. के. बसू खटल्याच्या निकालाने (१९९६) आणखी दोन चांगल्या गोष्टी दिल्यात. अटकेचा मेमो, ज्यावर साक्षीदाराची सही लागते आणि घरच्यांना कळवावं लागतं, आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी. घरच्यांना कळवणं म्हणजे इथे कुणाला? त्याच्या बहिणीला. म्हणजे जिचा नवरा गायब आहे तिलाच फोन करून सांगायचं की तुझ्या भावाला धरलंय. हा फोन हवालदाराने स्टेजवर लावावा, पलीकडचा आवाज ऐकवू नका.

आणि तिला ठाण्यात बोलावून आमनेसामने बसवायचा मोह आवरा. कलम १७९ प्रमाणे साक्षीदार म्हणून बाईला तिच्या राहत्या घराबाहेर हजर राहायला भाग पाडता येत नाही, पंधराच्या आतल्या मुलाला आणि साठीच्या पुढच्या माणसालाही नाही. ती स्वतःहून आली तर गोष्ट वेगळी, पण मग ती का आली हे लिहावं लागेल.

खोली

लोखंडी टेबल, काळी काच, पलीकडून बघणारे साहेब हे सगळं परदेशी मालिकांतून आलंय, आपल्या तालुक्याच्या ठाण्यात डी.बी. रूम असते. डिटेक्शनच्या पोरांची खोली. तिथे लोखंडी कपाटावर मुद्देमालाची लाखेची सीलं लावलेली गाठोडी असतात, प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक मोडकी, बाहेरून वायरलेसची खरखर, कुणाची तरी मोबाइल हरवल्याची तक्रार चाललेली, चहाचे कागदी कप. आरोपीला खुर्ची द्यायची, स्टूल द्यायचं की खाली बसवायचं हा निर्णयच एक संवाद आहे. मी म्हणेन सुरुवातीला खुर्ची द्या, मध्यावर हवालदाराला ती खुर्ची "जरा लागतीये" म्हणून नेऊ द्या. कुणी काही बोलायची गरज नाही.

कॅमेरा विसरू नका. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सांगितलंय की ठाण्यात सीसीटीव्ही हवेत, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग किमान वर्षभर तरी टिकलं पाहिजे. म्हणजे आजच्या काळातली संहिता असेल तर कोपऱ्यात तो लाल ठिपका असणारच, नाहीतर तो का नाही याचं उत्तर लागणार. आपल्या गोष्टीत तो चालू आहे. शेवटाला तो लागणार आहे म्हणून आत्ताच लावून ठेवा.

मानसशास्त्र: इथे थांबून नीट वाचा

बहुतेक लेखक इथे "गुड कॉप बॅड कॉप" लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा खूप माल आहे.

अमेरिकेत शिकागोच्या जॉन रीडच्या नावाची पद्धत आहे, नऊ पायऱ्यांची. सुरुवातच अशी की आम्हाला माहितीये तूच केलंस. नकार द्यायला लागला की मध्येच तोडायचा, नकार पूर्ण होऊच द्यायचा नाही. मग त्याला एक सोयीचं कारण पुरवायचं, तुझ्या जागी कुणीही असतं तर हेच केलं असतं. आणि शेवटी दोन पर्यायांचा प्रश्न, "ठरवून केलंस की रागाच्या भरात झालं?" यातलं काहीही निवडलं तरी केलंय हे मान्यच झालं. संवाद म्हणून हे जबरदस्त चालतं, पण याच रीडने १९५५ साली नेब्रास्का राज्यात बायकोच्या खुनाबद्दल एका तरुण नवऱ्याकडून काढलेली कबुली खोटी निघाली, तो दुसऱ्याच दिवशी फिरला होता तरी शिक्षा झाली, आणि राज्याने माफी मागितली ती थेट २०१२ साली. तुमचा अधिकारी ही पद्धत वापरणार असेल तर तो माणूस हुशार आहे असं नका समजू, तो धोकादायक आहे असं समजून लिहा.

इंग्लंडने निरपराध लोकांना खोट्या कबुल्यांवर डांबल्याची काही प्रकरणं अंगाशी आल्यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उलटी वाट धरली, पीस नावाची. आरोप करायचा नाही, माणसाला त्याची सगळी गोष्ट सलग सांगू द्यायची, मध्ये तोंड घालायचं नाही, आणि मग शांतपणे एकेक विसंगती पुढे ठेवायची. वाचायला कंटाळवाणं वाटतं, स्टेजवर मात्र हेच जास्त भयानक दिसतं, कारण समोरचा बोलतच राहतो आणि प्रेक्षकाला कळत असतं की तो स्वतःचा खड्डा स्वतः खणतोय.

याच्याशी जुळणारी, नाटकाला सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे पुरावा दाबून ठेवणं. स्वीडनमध्ये यावर बरंच संशोधन झालंय. पुरावा आधी दाखवला तर माणूस त्याला पुरून उरेल अशी गोष्ट तयार करतो, उशिरा दाखवला तर त्याची आधी सांगितलेली गोष्ट आणि पुरावा यात अंतर पडतं. आपली वजनपावती आठवा.

आणि एक माणूस, हान्स शार्फ. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाईदलासाठी पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांची चौकशी करायचा, कधी ओरडला नाही, कैद्याला फिरायला न्यायचा, गप्पा मारायचा आणि असं भासवायचा की आम्हाला सगळं आधीच माहितीये. मग समोरचा सहज एखादी चूक दुरुस्त करायचा आणि नेमकी तीच माहिती हवी असायची. (युद्धानंतर हा गृहस्थ अमेरिकेत जाऊन मोझेइक कलाकार झाला, फ्लोरिडातल्या डिस्नेच्या सिंड्रेला कॅसलमधली चित्रं त्याच्या हातची. असं पात्र मी लिहिलं असतं तर परीक्षक म्हणाले असते फार फिल्मी आहे.) चुकीचं विधान करून समोरच्याला दुरुस्त करायला लावणं, ही युक्ती मॅडमला द्या.

देहबोलीवरून खोटं पकडणं मात्र कुणालाच देऊ नका. नजर चोरली, नाकाला हात लावला म्हणजे खोटं बोलतोय, हे सगळं पोकळ आहे. खूप साऱ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब केला तेव्हा खरं-खोटं ओळखण्यात माणसांचं यश सुमारे ५४ टक्के निघालं, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं. तुमच्या हवालदाराला मात्र आपल्याला चेहरा वाचता येतो असा ठाम विश्वास असू द्या, नोकरीभर तो त्यावर चाललाय. आणि नार्को, लाय डिटेक्टर घुसडायचं असेल तर सेल्वी खटल्याचा २०१० चा निकाल आधी वाचा, संमतीशिवाय चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, न केलेला गुन्हा माणूस कबूल का करतो. कॅसिन आणि राइट्समन या दोघांनी १९८५ मध्ये खोट्या कबुलीचे तीन प्रकार मांडले. कुणी दबावाशिवाय स्वतःहून देतो, उदा. दुसऱ्याला वाचवायला. कुणी फक्त हे सगळं थांबावं म्हणून देतो, आत्ता सही करतो, घरी जाऊ द्या, बाकी कोर्टात बघू. आणि तिसरा प्रकार जो नाटककारासाठी सोनं आहे, माणसाला खरंच वाटायला लागतं की आपणच केलं असेल. झोप नाही, दारू प्यायली होती, त्या रात्रीचं नीट आठवत नाही, आणि समोरचा इतक्या खात्रीने सांगतोय. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्रकरणात १९८९ साली पोरांनी कॅमेऱ्यासमोर कबुल्या दिल्या, त्या एकमेकांशी जुळत नव्हत्या तरी शिक्षा झाल्या, आणि २००२ मध्ये डीएनए दुसऱ्याच माणसाचा निघाला.

अशा केसेसमध्ये लोक विचारतात, मग खोट्या कबुलीत बारीकसारीक खरे तपशील कसे आले? आले पोलिसांकडून. प्रश्नातून, फोटोतून, बाहेरच्या खोलीतल्या बोलण्यातून. आपल्या एकांकिकेचा गाभा हाच करायचा आहे.

संवाद

ट्रॅक्टरवाल्याचा दावा असा की त्या रात्री पहाटेपर्यंत तो कारखान्याच्या गाडीतळावर नंबराला थांबला होता. ड्रॉवरमधली पावती सांगते की त्याच्या भरल्या गाडीचं वजन रात्री दहा चाळीसला झालं, आणि काट्यावर होता दाजी, ज्याची पाळी बाराला संपली. प्रेक्षकाने ही पावती पहिल्या प्रवेशात बघितली आहे.

मॅडम : चहा घ्या.
तो : नगं. मगाशी झाला.
मॅडम : मगाशी म्हणजे सकाळी. घ्या. किती खेपा झाल्या त्या दिवशी?
तो : दोन.
मॅडम : तीन ना?
तो : न्हाई ओ मॅडम, दोनच. दुसरी लागायलाच लय उशीर झाला.
मॅडम : गर्दी असणार.
तो : गाडीतळ फुल्ल. पहाटंपतूर नंबराला हुतो. ट्रॅक्टरखालीच अंग टाकलं.
मॅडम : थंडी होती.
तो : मरणाची.
मॅडम : पहाटे वजन करताना दाजी काही बोलले?
तो : कामाच्या गडबडीत काय बोलत्यात.
मॅडम : पण होते ते काट्यावर.
तो : हुते की... म्हंजे, असतील. म्या नीट बघितलं न्हाई.
(मॅडम ड्रॉवर उघडतात. बिस्किटाचा पुडा काढतात. ड्रॉवर बंद करतात.)

बघा, "तीन ना?" ही शार्फची युक्ती, त्याने लगेच दुरुस्त केलं आणि आपण खरं बोलतोय असं वाटून सैल झाला. नंतर पहाटेच्या काट्यावर दाजीला त्याने स्वतः उभं केलं. आणि पावती बाहेर आलीच नाही. नवीन लेखकाचा हात इथे शिवशिवतो, त्याला पावती टेबलावर आपटायची असते. नका आपटू. अजून दहा मिनिटं तरी नका.

मॅडम त्याला "तुम्ही" म्हणतायत तेही लक्षात घ्या. हवालदार पहिल्यापासून "ए" आणि "तू". मॅडम "तू"वर कधी येतात ते एकदाच ठरवा आणि एकदाच वापरा. बोली वापरताना त्या भागातल्या माणसाकडून वाचून घ्या, सांगलीचा माणूस बोलतो तसा बार्शीचा बोलत नाही, आणि सगळी खेडवळ पात्रं एकाच खोट्या बोलीत बोलतात तेव्हा मागच्या रांगेतसुद्धा कळतं. ट्रॅक्टरवाल्याला भोळा करू नका, तो कारखान्याच्या राजकारणात वाढलाय, त्याला वकील माहीत आहेत. तो म्हणू शकतो, "वकिलाला भेटू द्या." कलम ३८ प्रमाणे चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसवून ठेवायचा नाही. आणि तो गप्पही बसू शकतो, स्वतःला अडकवणारं उत्तर द्यायला घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे त्याला भाग पाडता येत नाही, नंदिनी सत्पथी खटल्यात (१९७८) कोर्टाने हे चौकशीच्या टप्प्यालाही लावलंय. एखादं पूर्ण मिनिट तो गप्प बसतो असं लिहा, आणि त्या मिनिटात मॅडम काय करतात ते लिहा. रंगसूचनेत नुसतं "शांतता" लिहिलंत तर दिग्दर्शक तिथे संगीत टाकेल.

बारीक पण हमखास होणारी चूक: जबाब टाइप करून "सही कर इथे" असा नाट्यमय क्षण. कलम १८१ प्रमाणे पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही घेतच नाहीत. सही येते ती मेमोरंडम पंचनाम्यावर, पंचांसमोर.

मारहाण? तिचा धाक पुरे. हवालदार आत येतो, खिडकी लावतो, घड्याळ काढून टेबलावर ठेवतो, मॅडम त्याच्याकडे बघतात, तो घड्याळ परत बांधतो. प्रत्यक्ष पट्टा दाखवलात की प्रेक्षकाची सहानुभूती एका बाजूला पक्की होते आणि मग खरं काय या प्रश्नात त्याला रस राहत नाही. मारलंच असेल तर मारून झालेलं दाखवा, प्रवेश सुरू होतो तेव्हा तो नीट बसू शकत नाहीये, आणि मॅडमला ते कळतंय, आणि त्या विचारत नाहीत.

मोडण्याचा क्षण

आता रचना बघा. साधारण तिसाव्या मिनिटाला पावती बाहेर येते. तो हादरतो, आणि वजनातली पैसे खाण्याची भानगड सांगून टाकतो. प्रेक्षकाला वाटतं संपलं, खून त्याने केला नाही. मॅडमही खुर्चीत मागे टेकतात. आणि मग थकलेल्या आवाजात तो सहज बोलतो, "आता मोटरसायकल वर काढायची तर क्रेनच लागंल, हिरीत पाणी लय हाय."

विहिरीचं नाव कुणीच काढलेलं नाही. किंवा तसं आपल्याला वाटतंय. कारण बाराव्या मिनिटाला हवालदार दारात उभा राहून फोनवर बोलत होता, "वरच्या मळ्यातल्या हिरीवर पोरं पाठवली का?" अगदी ओझरतं, वायरलेसच्या खरखरीत. अर्ध्या प्रेक्षकांनी ऐकलंय, अर्ध्यांनी नाही. ट्रॅक्टरवाल्याने ऐकलं का?

आता सगळे धागे इथे येतात. पोलिसांना जागा आधीच माहीत असेल तर ते "सापडणं" नव्हेच, मग त्याच्या बोलण्याचा तो तुकडाही कामाचा नाही. आणि मॅडमला ते माहितीये. पंच बाहेर बाकावर येऊन बसलेत, मेमोरंडमचा मसुदा तयार आहे, मोटरसायकल काढताना व्हिडिओ शूटिंग कलम १०५ प्रमाणे करावंच लागणार आहे. हवालदार म्हणतो, "मॅडम, मी फोनवर कारखाना म्हणालो होतो, हीर नाही." आणि कोपऱ्यात आवाजासकट रेकॉर्ड करणारा कॅमेरा. त्याने खून केलाय की फक्त ऐकलंय, हे मॅडमला फुटेज मागवून कळू शकतं. फुटेज मागवलं तर अटकेची खरी वेळही त्यातच आहे, सकाळी आठ.

हा पेच झाला. मॅडम काय करतात हे मी लिहून देणार नाही, ते तुमचं नाटक आहे, पण दोन गोष्टी सांभाळा. खून त्याने केलाय की नाही हे तुम्हाला, लेखकाला, पक्कं माहीत हवं, संहितेत उघड करा किंवा करू नका. "प्रेक्षकांवर सोडलंय" म्हणणाऱ्या लेखकाने बहुतेक वेळा स्वतःच ठरवलेलं नसतं, आणि नटाला तालमीत पहिल्याच दिवशी ते कळतं. दुसरं, मॅडमचा निर्णय कृतीतून दिसू द्या, भाषणातून नको. मेमोरंडमवर पंचांना आत बोलावणं किंवा न बोलावणं, एवढं पुरतं.

लिहून झाल्यावर

पहिला मसुदा तीन जणांकडून वाचून घ्या, फौजदारी कोर्टात उभा राहणारा वकील, एखादा निवृत्त पोलीस आणि नाटकाशी काहीही संबंध नसलेला माणूस. वकील कलमं दुरुस्त करेल. पोलीस म्हणेल असं काही नसतं हो, आणि मग चहा पिताना खरं कसं असतं ते सांगेल, तेव्हा वही बाहेर काढू नका, नाहीतर तो बंद होईल. तिसऱ्याला फक्त विचारा कंटाळा कुठल्या पानावर आला.

तालमीत दोन्ही नटांना एकमेकांचा रकाना दाखवू नका, निदान पहिले काही दिवस. ट्रॅक्टरवाला करणाऱ्याला पावतीबद्दल माहीत नसताना केलेलं वाचन रेकॉर्ड करून ठेवा, नंतर तो निरागसपणा परत आणताना त्याचा उपयोग होतो. हवालदाराचं फोनवरचं वाक्य किती मोठ्याने म्हणायचं हे रिकाम्या हॉलमध्ये ठरवू नका, दहा-पंधरा लोक बसवून प्रयोग करा आणि नंतर विचारा विहीर कुणाकुणाला ऐकू आली. सगळे हात वर झाले तर आवाज कमी करा, एकही झाला नाही तर वाढवा, निम्मे झाले की प्रकाशयोजनेकडे वळा.

कागदपत्रांचं शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, बऱ्याच स्पर्धा प्रवेशिकेबरोबर ते प्रमाणपत्र मागतात. पोलिसांचा गणवेश वापरताना स्टार आणि फिती हुद्द्याप्रमाणे बरोबर आहेत का बघा, भाड्याने आणलेल्या गणवेशावर काय लावलेलं असेल याचा नेम नसतो, आणि एपीआयच्या खांद्यावर भलतंच काही दिसलं की सभागृहात बसलेला एखादा पोलीस तिथेच नाटकातून बाहेर पडतो. मंजुरीनंतर संवाद बदललात तर बदललेली पानं पुन्हा मंडळाकडे पाठवा.